मोबाइलमधला पुरावा कोर्टात कसा टिकतो?

चेन्नईहून आजचा भाग. आपल्यापैकी अनेकजण नोकरीधंद्यासाठी परराज्यात राहतात. घराचं डिपॉझिट, उसने दिलेले पैसे, गावाकडची वाटणी, सगळी बोलणी व्हॉट्सअ‍ॅपवर होतात. तंटा झाला, की स्क्रीनशॉटची प्रिंट घेऊन आपण वकिलाकडे जातो. पण तेवढ्यावर भागत नाही. का, ते जालन्याच्या खटल्यावरून पाहू.

२०१४ मध्ये अर्जुन खोतकर जालन्यातून २९६ मतांनी आमदार झाले. त्यांचा उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी ३ ची मुदत उलटल्यावर दाखल झाला, असं म्हणत कैलास गोरंट्याल यांनी निवडणूक याचिका केली. ती दिवाणी पद्धतीने चालते. पुरावा होता निवडणूक कार्यालयातल्या चित्रीकरणाच्या सीडी. म्हणजे मूळ नव्हे, प्रत. प्रतीसोबत तेव्हा कलम ६५ब चं प्रमाणपत्र लागत असे. वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी ते दिलं नाही. औरंगाबाद खंडपीठाने अधिकाऱ्यांची साक्ष पुरेशी मानून २०१७ मध्ये निवड रद्द केली.

प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १४ जुलै २०२० च्या निकालात तीन गोष्टी स्पष्ट झाल्या.

एक, मूळ मोबाइल किंवा लॅपटॉप मालकाने स्वतः साक्षीला येऊन हजर केला, तर प्रमाणपत्र लागत नाही.

दोन, प्रत दिली तर प्रमाणपत्र हवंच. तोंडी साक्ष त्याची जागा घेत नाही.

तीन, यंत्र दुसऱ्याच्या ताब्यात असेल आणि तो दाद देत नसेल, तर कोर्टाकडे अर्ज करून आदेश मागा. सगळे प्रयत्न करूनही मिळालं नाही, तर कायदा अशक्य गोष्टीचा हट्ट धरत नाही. गोरंट्याल इथेच तरले. खोतकरांचं अपील फेटाळलं गेलं.

१ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा लागू आहे. कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्रावर तज्ज्ञाचीही सही लागते आणि फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलच्या अंगठ्याचा ठसा. एक अक्षर बदललं, तरी ठसा बदलतो.

तेव्हा दावा संपेपर्यंत जुना फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. सोसायटीचं किंवा दुकानाचं सीसीटीव्ही चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. ते जपून ठेवा, असं पत्र लगेच द्या आणि पोच घ्या. नकार मिळाला, तर तोही लेखी घ्या. पुढे कोर्टात तोच कागद कामी येईल.