चिरकारी वृक्कविकार व हृद्‌रोग

चिरकारी वृक्कविकार व हृद्‌रोग : वृक्कांच्या (मूत्रपिंडांच्या) रचनेत वा कार्यात तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणारा बिघाड म्हणजे चिरकारी वृक्कविकार होय. शरीरपृष्ठाच्या १·७३ चौ. मी. क्षेत्रामागे केशिकागुच्छांचा गाळणवेग मिनिटाला ६० मिलि.पेक्षा कमी होणे किंवा मूत्रातून दर ग्रॅम क्रिॲटिनिनामागे ३० मिग्रॅ. वा अधिक अल्ब्युमीन जाणे, ही त्याची प्रमुख गमके होत. असा रोगी अखेरीस वृक्क निकामी होऊनच दगावतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बरोबर नाही. पुष्कळसे रोगी अपोहनाची (डायलिसिसची) वेळ येण्यापूर्वीच मृत्यू पावतात आणि त्या मृत्यूंमागे हृद्‌रोग हे मोठे कारण असते.

वृक्कविकारी रोग्यांच्या शवविच्छेदनात हृदयाचे डावे निलय जाड झालेले आढळते, हे रिचर्ड ब्राइट या इंग्रज वैद्यांनी १८३६ मध्येच नमूद केले होते. या संबंधाचे मोजमाप मात्र फार उशिरा झाले. कॅलिफोर्नियातील ११ लक्षांहून अधिक प्रौढांच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, गाळणवेग ६० वा त्याहून अधिक असणाऱ्यांत वर्षाला दर शंभर व्यक्तींमागे हृदय व रोहिणी यांच्या गंभीर विकारांचे २·११ प्रसंग आढळले. १५ पेक्षा कमी गाळणवेग असणाऱ्यांत ते ३६·६० होते.

याची कारणे अनेक व परस्परांत गुंतलेली आहेत. मधुमेह आणि अतिरक्तदाब वृक्क व हृदय या दोहोंना सारखेच घातक होत. शिवाय दुर्बल वृक्क मीठ व पाणी साठवून ठेवतात, त्यामुळे रक्तदाब आणखी वाढतो व निलयाची भित्ती जाड होते. रक्तोत्पत्तीस चालना देणारे हॉर्मोन कमी पडल्याने पांडुरोग होतो व हृदयाचे श्रम वाढतात. फॉस्फेट बाहेर टाकले न गेल्याने रोहिण्यांच्या भित्तींत कॅल्शियम साचून त्या ताठर बनतात. मूत्रातील अल्ब्युमीन हे तर केवळ वृक्काचे नव्हे, सर्व शरीरातील सूक्ष्म वाहिन्यांच्या बिघाडाचे चिन्ह मानले जाते.

अमेरिकेतील स्पॅनिशभाषक वंशाच्या १६,४१५ प्रौढांची पाहणी २००८–११ या काळात चार शहरांत सुरू झाली. तीत सु. १४ टक्के व्यक्तींत हा विकार आढळला. पण आपणास तो आहे याची जाणीव असणारे फारच थोडे होते. भारताच्या निरनिराळ्या भागांतील केंद्रांवरील एका पाहणीत (२०१३) हे प्रमाण १७·२ टक्के निघाले.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे स्वरूप धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद, जिल्ह्याचे नामांतर २०२३) जिल्ह्याच्या उदाहरणाने स्पष्ट होते. सु. १६·६ लक्ष लोकसंख्येच्या (२०११) या अवर्षणप्रवण जिल्ह्यातील बहुसंख्य लोक खेड्यांत राहतात. भूम, परांडा, वाशी, कळंब या भागांतून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी बाहेर पडतात व उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मध्य अमेरिकेतील ऊसतोड कामगारांत मधुमेह वा अतिरक्तदाब नसतानाही वृक्कविकार आढळला असून, उन्हातील अतिश्रम व शरीरातील पाणी वारंवार घटणे यांच्याकडे त्याबाबत बोट दाखविले जाते. तेथील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लावणे योग्य नव्हे, कारण येथील तोडणीचा मोठा भाग हिवाळ्यात होतो. तथापि उचल फेडण्यासाठी दिवसभर कोयता चालवायचा, पाणी बेताचेच प्यायचे आणि रात्री अंगदुखीवर डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या घ्यायच्या, हा क्रम वृक्कांना निश्चितच अपायकारक आहे. फडाजवळ शौचालय नसल्याने स्त्रिया मुद्दाम पाणी टाळतात, ही बाब तर क्वचितच विचारात घेतली जाते. हंगामात रक्तदाबाची औषधे खंडित होतात, ही आणखी एक अडचण.

रोग प्रारंभी वेदनारहित असतो; पायांवर सूज किंवा धाप येईपर्यंत बराच ऱ्हास झालेला असतो. रक्तातील क्रिॲटिनीन व मूत्रातील अल्ब्युमीन या दोन साध्या तपासण्यांनी तो आधीच ओळखता येतो. मधुमेही व अतिरक्तदाब असणाऱ्यांनी त्या वर्षातून एकदा तरी करून घेणे इष्ट ठरते. उपचारांत रक्तदाब व रक्तशर्करा यांवर नियंत्रण, रेनिन–अँजिओटेन्सीन यंत्रणा रोधणारी औषधे, स्टॅटिने आणि अलीकडे ग्लिफ्लोझिन वर्गातील औषधे यांचा समावेश होतो. ग्लिफ्लोझिनांमुळे वृक्कांचा ऱ्हास मंदावतो व हृदय अपुरे पडण्याचा धोकाही घटतो. जुलाब–उलट्या होत असताना यांतील काही औषधे वैद्याच्या सल्ल्याने तात्पुरती थांबवावी लागतात. आहारात लोणचे, पापड, खारवलेली मिरची यांतील मीठ लक्षणीय असते. भरपूर पाणी पिण्याचा सल्ला सर्वांस लागू नाही. सूज असलेल्या व मूत्र घटलेल्या रोग्यास तो धोक्याचा ठरतो. रक्तातील पोटॅशियम वाढलेले असल्यास शहाळ्याचे पाणीही वर्ज्य करतात.

केंद्र शासनाच्या राष्ट्रीय अपोहन कार्यक्रमात (२०१६) गरीब रोग्यांना जिल्हा रुग्णालयाच्या पातळीवर विनाशुल्क अपोहनाची तरतूद आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतही हा उपचार येतो. उपचार विनाशुल्क असला, तरी आठवड्यातून दोन-तीन वेळा होणारा प्रवास व बुडणारी मजुरी यांचा भार रोग्यावरच राहतो. परांडा, उमरगा यांसारख्या कडेच्या तालुक्यांतील रोग्याने एक पाळी चुकविली, की शरीरात पाणी व पोटॅशियम साचते. आठवड्यातून तीनदा अपोहन घेणाऱ्यांतही दोन पाळ्यांमधील लांब खंडानंतरच्या दिवशी हृद्‌विकाराने होणारे मृत्यू अधिक आढळतात. पाळी चुकल्यास हा खंड आणखी लांबतो.