गेलेल्या माणसाचं चित्र: फोटो किती खरा मानायचा?

गैरसमज: एक चांगला फोटो मिळाला की झालं, चित्रकाराने तो मोठा करून रंगवायचा.

वस्तुस्थिती: वर्षश्राद्धाच्या आत आईचं तैलचित्र हवं असतं आणि हाती येतो तो हातभर अंतरावरून मोबाइलने काढलेला फोटो. इतक्या जवळून नाक मोठं दिसतं, कान मागे जातात. समोरून फ्लॅश पडला असेल, तर गालाचं हाड ज्या सावलीवरून कळायचं ती सावलीच पुसली जाते. काही सेल्फी तर आरशातल्यासारखे उलटे साठवले जातात. म्हणून चित्रकाराने आधी भांग, पदराचा खांदा, शर्टाची बटणं पाहून फोटो सुलटा असल्याची खात्री करावी. उलटा चेहरा परक्याला खटकत नाही, लेकीला मात्र लगेच खटकतो.

गैरसमज: कृष्णधवल फोटोत रंग नसले तरी उजेड-अंधार खरा असतो.

वस्तुस्थिती: इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. फोटोच्या जुन्या काचेच्या प्लेटांना निळा रंग नीट टिपता येई, तांबडा जवळजवळ नाही. त्यामुळे आजीच्या कपाळावरचं लालभडक कुंकू काळं उमटतं, ओठ काळपट होतात आणि गव्हाळ कांती सावळी दिसते. तोच गडदपणा जसाच्या तसा कॅनव्हासवर उतरवला, तर आजीवर अन्यायच होतो. तिचा वर्ण कसा होता, हे तिला पाहिलेल्यांनाच विचारायला हवं.

गैरसमज: समोर बसवून काढलं तेच खरं व्यक्तिचित्र.

वस्तुस्थिती: जुन्या संसद भवनाच्या मध्यवर्ती सभागृहातलं लोकमान्य टिळकांचं चित्र चित्रकार गोपाळ देऊसकरांचं आहे. त्याचं अनावरण 1956 साली झालं. टिळक 1920 मध्ये गेले तेव्हा देऊसकर जेमतेम आठ वर्षांचे होते; म्हणजे ते चित्र टिळकांना समोर बसवून काढलेलं नाही.

गैरसमज: फोटो अस्पष्ट असला तरी हल्ली कॉम्प्युटर तो स्वच्छ करून देतो.

वस्तुस्थिती: फोटोत जे टिपलंच गेलं नाही, ते कॉम्प्युटर अंदाजाने भरतो, तेही इतर हजारो चेहऱ्यांवरून. पापण्या रेखीव होतात, कातडी तुकतुकीत होते आणि बाबांच्या जागी त्यांच्यासारखा दिसणारा कुणी भलताच माणूस येतो. मला हे फार धोक्याचं वाटतं, कारण दु:खातल्या घराला तो चेहरा पटकन आवडतो. मूळ फोटो कितीही पुसट असो, चित्रकाराकडे तोच द्यावा. लग्नाबारशातला एखादा व्हिडिओ असेल, तर तोही द्यावा. हसताना आधी डोळे बारीक होत की ओठांचा कोपरा हले, हे त्यातच सापडतं.