थांगहुलूचं पाण्याशी वाकडं

मोबाइलच्या पडद्यावर कुणीतरी स्ट्रॉबेरीची काडी दातांखाली धरतं, काच तडकावी तसा आवाज येतो आणि घरातली नववीतली मुलगी उठून साखरेचा डबा काढते. अर्ध्या तासाने ओट्यावर पातेल्यात पांढरा खडबडीत खडा बसलेला असतो, स्ट्रॉबेरीवरून चिकट पाक ओघळत असतो आणि धाकटा भाऊ दाढेत अडकलेली साखर बोटाने काढत असतो. मग घरात ठरतं, की चिनी लोक काहीतरी खास साखर वापरत असणार, नाहीतर त्यांच्याकडे मशीन असणार. आजी तेवढ्यात सांगून जाते, ‘पाक कच्चा राहिला गं.’ आजीचंच बरोबर असतं.

हा पदार्थ म्हणजे उत्तर चीनमधला थांगहुलू. थांग म्हणजे साखर आणि हुलू म्हणजे तुंबा. नावावरून भोपळ्याची मिठाई वाटते, पण भोपळ्याचा त्यात कणही नसतो. काडीवर वर लहान आणि खाली मोठं फळ टोचलं की तुंब्याचा आकार दिसतो, त्यावरून हे नाव पडलं असं मानतात. चीनमध्येही हे नाव सगळीकडे चालत नाही. बीजिंगपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत असलेल्या थ्येनचिनमध्ये त्याला ‘थांगतुन’ म्हणतात, आणि समुद्रकाठच्या छिंगताओत ‘थांगछ्यू’, म्हणजे साखरेचा गोळा.

स्ट्रॉबेरीमुळे बऱ्याच जणांना हा पदार्थ कोरियाचा वाटतो. २०२३ साली दक्षिण कोरियात त्याची लाटच आली होती. शाळेतून सुटलेली मुलं हातात काड्या घेऊन फिरायची आणि चिकट फरशांना कंटाळलेल्या दुकानदारांनी ‘थांगहुलू घेऊन आत येऊ नये’ अशा पाट्या लावल्या. पण उगम चीनचाच, आणि तिथलं मुख्य फळ म्हणजे शानझा. सफरचंदाच्याच कुळातलं, मोठ्या बोराएवढं, लालभडक, अंगावर फिकट ठिपके आणि चवीला चांगलंच आंबट. साखरेच्या कवचाखाली हा आंबटपणा लागतो म्हणून तर गंमत. पिकून मऊ झालेली गोड स्ट्रॉबेरी घेतली तर गोडावर गोड होतं. महाबळेश्वरची किंचित करकरीत, आंबटसर स्ट्रॉबेरी किंवा नाशिकची घट्ट द्राक्षं त्यापेक्षा केव्हाही बरी.

याच्या उलट टोकाचा गैरसमज शुद्धतावाद्यांचा: शानझा नसेल तर तो थांगहुलूच नव्हे. फूछा तुनछोंग या मांचू लेखकाने बीजिंगच्या सणवारांची नोंद करणारं एक पुस्तक लिहिलं, ते १९०६ साली छापलं गेलं. त्यात बांबूच्या काडीवर द्राक्षं, छोटी रानसफरचंदं, शानझा आणि कोनफळाच्या जातीच्या एका वेलीवर लागणारे बारीक कंदही टोचत असल्याचा उल्लेख आहे. हे कंद आपल्या कोकणातल्या करांद्यांच्या नात्यातले. जुन्या बीजिंगच्या खाण्यापिण्यावर जीव असलेले निबंधकार लिआंग शिछ्यू तर संत्रं, शिंगाड्यासारखा पाणकंद, अक्रोड, सुकवलेलं जर्दाळू अशी यादीच देतात, आणि तरीही खरा मान शानझाचाच म्हणतात. त्यांनी प्रकारही तीन सांगितले आहेत: माल्टच्या काकवीत घोळवलेली, जत्रेत मिळणारी पाच फुटांवर लांब माळ; साखरेचं पांढरं दव बसलेली काडी; आणि पातळ, पारदर्शक कवचाची काडी. इंटरनेटवर गाजते ती तिसरी.

राजाची गोष्टही सगळीकडे सांगितली जाते. सोंग घराण्याच्या सम्राट ग्वांगझोंगची लाडकी राणी हुआंग आजारी पडली, वैद्याने साखरेत शिजवलेला शानझा रोज जेवणाआधी खायला सांगितला आणि राणी खडखडीत बरी झाली. गोष्ट गोड आहे, पण दंतकथाच. ग्वांगझोंगचा काळ ११८९ ते ११९४, राजधानी दक्षिणेत, आजच्या हांगझोऊला. आणि हा पदार्थ पक्का उत्तरेचा, थंडीचा. शिवाय इतिहासात त्या हुआंग राणीचा शेवट वेगळाच नोंदलेला आहे: ११९१ साली, राजा यज्ञविधीसाठी बाहेर असताना, मत्सरी सम्राज्ञीने तिला मारवलं.

आता ओट्याकडे. थांगहुलूला ‘बिंगथांग हुलू’ही म्हणतात. ‘बिंगथांग’ म्हणजे खडीसाखर, म्हणून खडीसाखरच हवी असा आग्रह धरला जातो. खडीसाखर आणि डब्यातली पांढरी साखर रसायनाच्या हिशेबाने एकच, दोन्ही सुक्रोज. दोन वाट्या साखरेला एक वाटी पाणी एवढं पुरतं. साखर स्वच्छ हवी, गूळ नको, की काम झालं.

खरा घोटाळा पाकाचा. घरोघरी हात बसलेला असतो तो गुलाबजामच्या एकतारी पाकावर, फार तर लाडवाच्या पाकावर. एकतारी पाक जेमतेम १०५ अंश सेल्सिअसला होतो, गोळीबंद ११५-१२०च्या आसपास. थांगहुलूला लागतो १५० अंशांचा. हे अंश म्हणजे पाकात किती पाणी उरलं आहे याचा हिशेब. पाणी भरपूर आहे तोवर पाकाचं तापमान फारसं चढत नाही. ते उडून गेलं की मग तापमान सरसर वाढतं. १५०ला पाण्याचा अंश शेकडा एकाच्या आसपास राहतो, आणि असा पाक थंड झाला की अक्षरशः काच होते. १४०ला गॅस बंद केला तर दिसायला काचच, पण दातांना चिकटणारी.

त्यासाठी थर्मामीटर लागतोच असं नाही. साखरेची चिक्की करणाऱ्या बाईला ही खूण पाठ असते: गार पाण्याच्या वाटीत पाकाचा थेंब टाकायचा, लगेच उचलून वाटीवर आपटायचा. टण् असा आवाज आला पाहिजे आणि दाताखाली थेंब न चिकटता कटकन मोडला पाहिजे. डोळ्यांनाही समजतं. सुरुवातीचे घाईघाईचे बुडबुडे पुढे जड होतात, सावकाश फुटतात. वाफ जवळपास थांबते आणि पाकाला कडेने वाळल्या गवताचा पिवळसर रंग येऊ लागतो. तिथेच थांबायचं. आणखी मिनिटभर ठेवला की तपकिरी होतो, मग कडू.

‘ढवळत राहा, नाहीतर करपेल’ हा उपदेश खिरीला लागू आहे, इथे नाही. ढवळल्याने काय होतं ते संक्रांतीला काटेरी हलवा करणाऱ्यांना विचारावं. तिथे चमचा चमचा पाक घालत तीळ बोटांनी सतत हलवतात, ते साखरेचे स्फटिक व्हावेत, काटा यावा म्हणूनच. पाडव्याच्या गाठी पांढऱ्या दिसतात त्याही साखरेने कण धरल्यामुळे. थांगहुलूला नेमका तोच कण नको असतो. साखर विरघळेपर्यंत हलवायचं, उकळी आली की चमचा बाजूला. पातेल्याच्या कडेला उडालेले दाणे ओल्या ब्रशने खाली उतरवायचे, कारण तसा एक दाणा आत पडला तरी त्याच्याभोवती सगळा पाक खडा धरू शकतो. चार थेंब लिंबू घातलं तर थोडी साखर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजमध्ये फुटते आणि कण धरायला अडथळा होतो. पण चमचाभर पिळलं तर तेच फ्रुक्टोज हवेतली ओल ओढून घेतं आणि कवच लवकर चिकट होतं.

फळ पाकात शिजतं, हीही एक समजूत. काडी दोन-तीन सेकंदच फिरवायची असते, आतलं फळ कच्चंच राहतं. फ्रिजमधून थेट काढलेल्या फळावर दव धरतं आणि त्या ओलीवर पाक बसत नाही, वर तडतड उडतो. फळं आधी धुवून, पुसून, तासभर पंख्याखाली ठेवावीत. कापलेलं कलिंगड, अननसाच्या फोडी यांच्या वाटेला जाऊच नये. संत्र्याची फोड चालते, मात्र तिच्यावरचा पातळ पापुद्रा फाटता कामा नये.

बीजिंगचे विक्रेते काडी पाकातून काढतात ती सरळ गार फळीवर सपकन आपटून ओढतात. फळांच्या टोकाला साखरेचा पातळ, पारदर्शक पंख पसरतो. तो दिसायला छान असतोच, पण त्या झटक्यात जादा पाकही निघून जातो आणि कवच पातळ होतं. घरी तुपाचा हात लावलेल्या स्टीलच्या ताटावर हे जमतं, पहिल्या दोन काड्या वाया घालवायची तयारी मात्र हवी.

मग ‘कडक व्हायला फ्रिजमध्ये ठेवा.’ कडक व्हायला हवेतला मिनिटभर वेळ पुरतो. थंडगार काडी मुंबईच्या दमट हवेत बाहेर काढली की कवचावर दव जमतं आणि साखर पाझरू लागते. बीजिंगमध्ये जानेवारीचं सरासरी तापमान शून्याखाली आणि हवा कोरडी ठणठणीत. म्हणूनच तिथे गवताचा भारा बांधलेल्या दांड्यावर काड्या खोचून विक्रेता दिवसभर हिंडू शकतो. तरीही काड्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून वर खाता येणारा पातळ कागद गुंडाळतात. आपल्याकडे जुलैत हा घाट घालूच नये. डिसेंबर-जानेवारीत करावं, आणि केल्यापासून तासाभरात संपवावं, कारण बाहेर हवा कोरडी असली तरी आतून फळाचा रस कवच पोखरतच असतो.

मायक्रोवेव्हमध्ये केलं की सोपं आणि सुरक्षित, असं मुलांना वाटतं. २०२४ साली अमेरिकेत नेमक्या याच प्रयोगात भाजलेली मुलं रुग्णालयात आली आणि डॉक्टरांना इशारे द्यावे लागले. मायक्रोवेव्हमध्ये पाक एकसारखा तापत नाही, वाडग्याचा अंदाज येत नाही आणि बाहेर काढताना हिंदकळतो. १५० अंशांचा पाक उकळत्या पाण्यापेक्षा ५० अंशांनी जास्त तापलेला असतो, वर कातडीला चिकटून भाजतच राहतो. अंगावर पडला तर ओढून काढू नये. वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरावं, टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नये, आणि डॉक्टर गाठावा. मोठं माणूस शेजारी नसेल तर गॅस पेटवूच नये. खातानाही काडीचं टोक मोडून द्यावं, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं द्राक्ष देऊ नये, ते घशात अडकतं.

‘फळच तर आहे’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडा हिशेब. २०० ग्रॅम साखरेत सात-आठ काड्या होतात आणि बराच पाक पातेल्यातच राहतो. तरी काडीमागे दोन-तीन चमचे साखर पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसभरात वरून घातलेली साखर ५० ग्रॅमच्या आत ठेवावी, शक्यतो २५च्या. एक काडी मजेत खावी, तीन खाऊन फळाहार म्हणू नये.

राहता राहिलं ते दगड झालेलं पातेलं, ते काही टाकायचं नसतं. पाक गरम असतानाच त्यात भाजलेले शेंगदाणे टाकून ताटात थापले तर साखरेची चिक्की होते. त्यानंतरही जे चिकटून राहील त्यावर पाणी ओतून पातेलं परत गॅसवर ठेवायचं. पाच मिनिटांत तळ स्वच्छ दिसू लागतो. एवढा वेळ पाण्याला दूर ठेवायची धडपड चाललेली असते, शेवटी पातेलं सोडवायला तेच लागतं.