विश्लेषण : पुण्याच्या ‘राजी’चा दुसरा भाग पहिल्यातल्या चुका पुसणार का?

गेल्या रविवारी औंढ्याला बहिणीकडे गेलो होतो. बारावीतल्या भाच्याने मोबाइलवर एक ट्रेलर लावला आणि विचारले, “मामा, हा गेम पुण्यात बनतोय, खरंय का? पहिल्यासारखा अर्धवट तर नसेल ना?” प्रश्न ‘राजी : कलियुग’बद्दल होता. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने २०२५ मध्ये त्याची घोषणा केली. त्यांच्याच ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ या गेमचा हा पुढचा भाग.

पहिल्या भागाचे कौतुक का झाले?

या छोट्या चमूने २०१७ मध्ये किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करण्याचा प्रयत्न केला, तो फसला. तरी गेम पूर्ण झाला. १८ ऑगस्ट २०२० रोजी तो निन्टेंडो स्विचवर आला, ऑक्टोबरमध्ये पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर. त्याच वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्तम इंडी गेमसाठी त्याला नामांकन मिळाले.

राखीपौर्णिमेच्या रात्री असुर मुलांना पळवून नेतात. सर्कशीत कसरती करणारी राजी धाकट्या भावाला, गोलूला, शोधायला निघते. दुर्गा आणि विष्णू एकमेकांशी बोलत ही गोष्ट सांगतात, भिंतींवरच्या चित्रांतून पुराणकथा उलगडत जातात. वास्तूंवर राजस्थान आणि बालीची छाप आहे. (लोहगड-विसापूर रोज पाहणाऱ्या मावळकरांना त्यात सह्याद्री शोधावासा वाटेल, पण ते असो.) आपल्या कथा कुणीतरी इतक्या देखण्या रीतीने गेममध्ये आणल्या, याचे अप्रूप खरेच होते.

मग चुकले कुठे?

मुख्यतः मारामारीत. त्रिशूळ फिरवायला सुरुवात केली की ती हालचाल संपेपर्यंत राजी अडकल्यासारखी वाटायची. तेवढ्यात मागून असुराचा फटका बसायचा. कॅमेरा वरून, दुरून आणि ठरावीक कोनातून. त्यामुळे अंतराचा अंदाज येत नसे आणि सोपी उडीही चुके. गेम चार-पाच तासांत आटोपायचा, तोही मध्येच तुटल्यासारखा. मला तर डाउनलोड अपुरे राहिले की काय, अशी शंका आली होती. २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाज आले, लढाईची थोडी डागडुजी झाली. सांगाडा मात्र तोच राहिला.

नव्या भागात काय बदलते आहे?

कॅमेरा खाली उतरून पात्राच्या पाठीमागे आला आहे. बहीण-भाऊ दोघांनाही खेळवता येणार आहे. यातला कॅमेऱ्याचा बदल सर्वांत मोठा, आणि धोकाही तिथेच आहे. दुरून पाहणारा कॅमेरा छोट्या स्टुडिओची काटकसर असते. चेहऱ्यावरचे भाव दिसत नाहीत, भिंत एकाच बाजूने रंगवली तरी भागते. कॅमेरा जवळ आला की सगळे चारही बाजूंनी बनवावे लागते. वार लागला की नाही, हे प्रत्येक फटक्याला जाणवावे लागते. म्हणजे जी गोष्ट पहिल्यात कच्ची होती, तीच आता डोळ्यांसमोर मोठी होऊन दिसणार.

दुसरा भाग सरस ठरल्याची उदाहरणे आहेत. ‘असॅसिन्स क्रीड’चा २००७ मधला पहिला गेम तीच ती कामे करायला लावून कंटाळा आणायचा. २००९ च्या दुसऱ्या भागाने कामांत विविधता आणली आणि लक्षात राहणारा नायकही दिला. मात्र त्यामागे युबिसॉफ्टसारखी बलाढ्य कंपनी होती. उलट ‘हेलब्लेड’चा २०२४ चा दुसरा भाग डोळे दिपवणारा होता, पण लढाई पहिल्यापेक्षाही सोपी करून टाकलेली. ट्रेलरमध्ये पहिली गोष्ट दिसते, दुसरी दिसत नाही.

म्हणून माझे मत : दिशा बरोबर आहे, पण एवढ्यावर आगाऊ पैसे भरू नयेत. भाच्याला म्हटले, प्रत्यक्ष खेळतानाचा, काटछाट न केलेला दहा मिनिटांचा व्हिडिओ बघ. तीन असुरांनी घेरल्यावर राजी वार अर्धवट सोडून बाजूला होऊ शकते का, ते पाहा. गोष्ट याच भागात पूर्ण होते का, ते परीक्षणांत वाच.

आणि घोषणा पीसी व कन्सोलसाठी आहे, मोबाइलसाठी नाही. हे ऐकून त्याचा चेहरा पडला. त्याच्याकडे फक्त मोबाइलच आहे.