सहाशे डॉलरांचा चेहरा

टेक्सासमधल्या कॉलेज स्टेशन या गावात कायल फील्ड नावाचं स्टेडियम आहे. तिथे १,०२,७३३ लोक मावतात, पण विद्यार्थ्यांच्या बाजूला कुणी बसत नाही. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाची मुलं-मुली सामना सुरू झाल्यापासून संपेपर्यंत उभी असतात. २ जानेवारी १९२२ रोजी डॅलसच्या एका सामन्यात त्यांच्या संघातले खेळाडू एकामागून एक जायबंदी होत गेले. ई. किंग गिल हा विद्यार्थी तेव्हा वर प्रेस बॉक्समध्ये होता. प्रशिक्षकांचा निरोप येताच तो खाली आला, गणवेश चढवला आणि मैदानाच्या कडेला उभा राहिला. त्याला खेळावं लागलं नाही, पण अकराजणांच्या खेळात बारावा माणूस तयार होता, हे विद्यापीठ विसरलं नाही, म्हणून मुलं उभी राहतात. पुण्या-नागपूरहून एमएस करायला तिथे जाणारी आपली मुलंही पहिल्याच हंगामात या गर्दीत उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडायला शिकतात.

संपादकांनी मला ‘ईए स्पोर्ट्स कॉलेज फुटबॉल’ या व्हिडिओ गेमच्या नव्या आवृत्त्यांवर लिहायला सांगितलं होतं. नव्या सोयींची यादी लांबलचक आहे: खेळाडूंच्या बदल्या, बारा संघांची नवी बाद फेरी, खऱ्या प्रशिक्षकांची नावं, खेळाडू थकला की त्याला बदलण्याच्या पद्धती. यादी मी वाचली, पण गेममधल्या कायल फील्डवर पाहुणा संघ घेऊन खेळायला गेले आणि तिथेच अडकले.

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू ज्याच्या हाती, तो संघ प्रत्येक चाल आधी ठरवतो. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. क्वार्टरबॅक ओरडून इशारा देतो, त्या इशाऱ्यावर सगळे एकदम हलतात. समोरच्यांची मांडणी बघून तो ऐन वेळी चाल बदलतो, तेही ओरडूनच. म्हणून पाहुण्यांच्या हाती चेंडू आला की यजमानांचे प्रेक्षक कान किटेपर्यंत आरडाओरडा करतात. इशारा ऐकू आला नाही आणि कुणी अर्धा क्षण आधी हलला, की पाच यार्डांचा दंड. गर्दीचा घसा हे इथे खरोखरचं हत्यार आहे, आणि घरचा संघ चेंडू घेऊन उभा असताना तीच गर्दी चिडीचूप होते.

हे पडद्यावर कसं आणायचं? नुसता आवाज वाढवून भागत नाही, खेळणारा रिमोटने तो कमी करतो. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोच्या स्टुडिओने काढलेली युक्ती मला फार आवडली. चाल सुरू होण्याआधी बटण दाबलं, की कोणता खेळाडू कुठून कसा धावणार याच्या रेषा मैदानावर उमटतात. घरच्या मैदानावर त्या सरळ, स्वच्छ असतात. कायल फील्डवर तिसरा प्रयत्न होता, सात यार्ड बाकी होते. पडदा हलायला लागला, हातातला कंट्रोलर थरथरला आणि डावीकडच्या पहिल्या वर्षाच्या पोराची रेषा पाण्यात पडलेल्या दोरीसारखी वळवळू लागली. तो आत वळणार की बाहेर, काही कळेना. उजवीकडच्या चौथ्या वर्षाच्या खेळाडूची रेषा मात्र जागच्या जागी होती.

कारण प्रत्येक खेळाडूच्या खात्यात ताकद आणि वेगाबरोबर मनाची स्थिरताही नोंदलेली आहे. अनुभव कमी, आधीची चाल फसलेली, गर्दी पेटलेली, असं सगळं जुळून आलं की ती ढळते. मग तुम्ही चाल बदललीत तरी निरोप त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही. म्हणजे गोंगाट तुमच्या कानाला त्रास देत बसत नाही, तुमची माहितीच बिघडवतो. खऱ्या मैदानावरही नेमकं हेच होतं. जुन्या आवृत्त्यांमध्येही पडदा हलायचा, पण २०२४ साली आलेल्या ‘कॉलेज फुटबॉल २५’मध्ये ही यंत्रणा खेळाच्या मध्यभागी आली. सर्वांत अवघड स्टेडियमांची यादी कंपनीने जाहीर केली, त्यात पहिला क्रमांक कायल फील्डचा होता.

ज्या स्टुडिओला गर्दीचा आवाज इतका बारकाईने समजतो, त्याला गर्दी ज्यांच्यासाठी जमते ती मुलंही समजत असणार, असं मला वाटत होतं. ती किती बारकाईने समजत होती, हे एका खटल्याच्या निकालात लिहिलेलं आहे.

अधिकृत इतिहास थोडक्यात सांगता येतो. १९९३ साली बिल वॉल्श या प्रशिक्षकाच्या नावाने पहिला गेम आला. पुढे विद्यापीठीय खेळांचं नियमन करणाऱ्या एनसीएएचं नाव त्याला लागलं आणि दर उन्हाळ्यात नवी आवृत्ती येऊ लागली. विद्यापीठांची बोधचिन्हं, बँड, रंग, मैदानं सगळं रीतसर परवाने घेऊन. खेळाडूंची नावं मात्र नव्हती. विद्यार्थ्याने खेळातून पैसा कमवायचा नाही असा एनसीएएचा नियम होता, त्यामुळे त्यांच्या नावाचा परवाना घ्यायचा प्रश्नच आला नाही.

नाव तेवढं वगळलं होतं. सॅम केलर हा ॲरिझोना स्टेटचा क्वार्टरबॅक. २००५ च्या आवृत्तीत ॲरिझोना स्टेटच्या निनावी क्वार्टरबॅकचा नंबर ९, केलरचाही ९. उंची, वजन, त्वचेचा रंग, केसांचा रंग, कोणत्या हाताने फेकतो, कोणत्या राज्यातून आला, कितव्या वर्षाला आहे, हेल्मेटला व्हायझर लावतो का, इथपर्यंत सगळं जुळत होतं. पुढे केलर नेब्रास्काला गेला, तर २००८ च्या आवृत्तीत तसाच क्वार्टरबॅक नेब्रास्कात हजर. फक्त नंबर जुळला नाही. न्यायालयाने त्यावर टिपण केलं आहे की हंगाम सुरू होण्याच्या तोंडावर केलरने नंबर बदलला होता, बहुधा म्हणून. गेम विकत घेणारे बाहेरून खऱ्या नावांची यादी मिळवून भरत, की राहिलेली जागाही भरली जाई.

केलरने २००९ च्या मे महिन्यात गेम कंपनी आणि एनसीएएवर दावा लावला. दोन महिन्यांनी दुसरा दावा आला, एड ओ’बॅननचा. तो बास्केटबॉलचा खेळाडू, १९९५ साली यूसीएलएला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून देणाऱ्यांतला. तेव्हा लास व्हेगसजवळ मोटारी विकायच्या दुकानात काम करत होता. एका मित्राच्या घरी गेला असताना मित्राच्या मुलाने त्याला बास्केटबॉलच्या गेममध्ये दाखवलं: यूसीएलएचा जुना संघ, ३१ नंबर, डावखुरा. आधी त्याला मौज वाटली. मग मित्राच्या बोलण्यात आलं की या गेमला पैसे पडतात आणि यातला एक सेंटही तुला मिळालेला नाही.

या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. त्याचं खेळणं संपलेलं होतं. दावा जिंकूनही त्याला श्रीमंती मिळणार नव्हती. तरी त्याने स्वतःचं नाव सगळ्यांत वर टाकलं आणि वर्षानुवर्षं न्यायालयाच्या पायऱ्या चढला. २०१४ च्या ऑगस्टमध्ये न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. गेम कंपनी आणि परवाने देणारी संस्था ४ कोटी डॉलर आणि एनसीएए २ कोटी डॉलर द्यायला तयार झाल्या. तोवर गेम बंद पडला होता. २०१३ च्या उन्हाळ्यात आलेली ‘एनसीएए फुटबॉल १४’ ही शेवटची आवृत्ती.

अकरा वर्षं नवीन काही आलं नाही. जुन्या डिस्क शंभर डॉलरच्या पुढे विकल्या जात. चाहत्यांचे गट फावल्या वेळात दर हंगामाच्या नव्या संघयाद्या, नवे गणवेश तयार करून त्या जुन्या गेममध्ये घालत राहिले. एकही पैसा न घेता चालवलेलं हे काम बघितलं की या खेळावरचं प्रेम किती खोल आहे ते कळतं, आणि कंपनी परत का आली तेही.

परत येण्याची घोषणा २०२१ च्या फेब्रुवारीत झाली. त्याच वर्षी जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थी-खेळाडूंच्या मोबदल्यावरच्या ऑल्स्टन खटल्यात ९-० असा एकमताने एनसीएएविरुद्ध कौल दिला आणि १ जुलैपासून खेळाडूंना आपलं नाव, प्रतिमा आणि चेहरा यांवर कमाई करायची मोकळीक मिळाली. २०२४ च्या फेब्रुवारीत गेमचा देकार पुढे आला: सही करा, ६०० डॉलर आणि गेमची एक प्रत घ्या. ११,००० हून अधिक मुलांनी सही केली. १९ जुलैला १३४ संघांसह गेम बाजारात आला आणि डॉलरांच्या हिशेबात अमेरिकेत सर्वाधिक विकला गेलेला क्रीडा-गेम ठरला.

प्रत्येकी ६०० डॉलर धरले तर सगळ्या मुलांचे मिळून साधारण ६६ लाख डॉलर होतात. एका प्रतीची किंमत ७० डॉलर होती. इतके चेहरे आणि दीडशे स्टेडियमं कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मदतीशिवाय घडवता आली नसती, असं कंपनीच्या प्रमुखांनी गुंतवणूकदारांना सांगितलं होतं. काम यंत्राने सोपं केलं, याबद्दल माझी तक्रार नाही. पण चेहरा मुलाचाच होता.

आणि चेहऱ्याबरोबर शरीरही. ‘कॉलेज फुटबॉल २५’मध्ये आलेली ‘वेअर अँड टेअर’ ही दुसरी यंत्रणा मला अस्वस्थ करून गेली. बसलेला प्रत्येक मार त्या त्या अवयवाच्या नावावर जमा होतो. धावणाऱ्या खेळाडूच्या पायाला चौथ्यांदा धडक बसली की त्याचा वेग उतरतो, खांद्याला बसली की चेंडू हातातून सुटायची शक्यता वाढते, दुखापतीचा धोका चढत जातो. विश्रांतीने काही भरून येतं, काही पुढच्या आठवड्यापर्यंत टिकतं. म्हणून हुशार खेळणारा आपल्या लाडक्या खेळाडूला अधूनमधून बाहेर बसवतो. इतकी प्रामाणिक यंत्रणा मी दुसऱ्या क्रीडा-गेममध्ये पाहिलेली नाही.

खऱ्या मैदानावरचा हिशेब कोण ठेवतं? १९५५ साली कोलोरॅडोतल्या फोर्ट लुइस ए अँड एम कॉलेजचा रे डेनिसन हा खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाई मागितली. कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही, असं म्हणून कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली ती नाकारली. वारंवार डोक्याला बसणाऱ्या धक्क्यांतून होणारा सीटीई हा मेंदूचा आजार बॉस्टन विद्यापीठाच्या संशोधकांना कॉलेजपर्यंतच खेळलेल्या खेळाडूंच्या मेंदूंतही सापडला आहे. आणि कॉलेजचा खेळाडू आजही विद्यापीठाचा नोकर मानला जात नाही.

सगळी गाठ इथेच आहे. व्यावसायिक खेळाडूंच्या ‘मॅडन’ या गेमचा करार त्यांची संघटना करते, मोबदलाही तीच ठरवून घेते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी २०१४ साली संघटना करायचा प्रयत्न केला होता. पुढच्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय कामगार मंडळाने त्यात हात घालायला नकार दिला आणि तो प्रयत्न तिथेच थांबला. त्यामुळे वाटाघाटीच्या टेबलावर मुलांच्या बाजूची खुर्ची रिकामी आहे. सगळ्यांना सारखी रक्कम द्यायला माझी हरकत नाही. ज्याचा चेहरा सामनाभर हेल्मेटमध्ये असतो, त्या फळीतल्या जाडजूड खेळाडूवाचून क्वार्टरबॅक दोन पावलंही मागे जाऊ शकत नाही. हरकत आहे ती रक्कम ठोक असण्याला. गेम कितीही खपो, मुलाचा वाटा तेवढाच. २०२५ साली रक्कम १,५०० डॉलरवर गेल्याचं छापून आलं, तरी तीही ठोकच.

‘कॉलेज फुटबॉल २६’ २०२५ च्या जुलैत आला, १३६ संघ आणि तीनशेहून अधिक खऱ्या प्रशिक्षकांसह. आता अडचण अशी की मूळ खेळच एका जागी उभा राहत नाही. खेळाडू दर वर्षी विद्यापीठ बदलू शकतात. २०२४ मध्ये पॅक-१२ या जुन्या गटात दोनच संघ उरले. २०२५ च्या जूनमध्ये विल्कन यांनीच मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, पहिल्या वर्षी प्रत्येकी २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. गेममध्ये प्रशिक्षक होऊन मुलांना आपल्या विद्यापीठाकडे वळवायचं असतं, तिथे मूल घराजवळ राहायचं की नाव कमवायचं याचा विचार करतं, पण आकड्यावर बोलणी करत नाही. प्रशिक्षकाचा हा कारभार तीस हंगाम चालवता येतो. चार-पाच हंगामांत खरी मुलं पदवी घेऊन बाहेर पडतात आणि संघ संगणकाने घडवलेल्या नावांनी भरतात.

सही न करणं हा एक मार्ग आहे. आर्च मॅनिंगने सुरुवातीला तो धरला होता. पेटन आणि इलाय मॅनिंगचा हा पुतण्या टेक्सास विद्यापीठाचा क्वार्टरबॅक. त्याच्या नकाराची देशभर बातमी झाली, आणि नंतर तो सामील झाला त्याचीही झाली. एखाद्या लहान विद्यापीठात दुसऱ्या फळीत खेळणाऱ्या मुलाने नकार दिला तर बातमी होत नाही. त्याच्या जागी दुसऱ्याच नावाचा, दुसऱ्याच चेहऱ्याचा खेळाडू घातला जातो आणि गेम ठरल्या तारखेला दुकानात येतो.