मोडेन पण वाकणार नाही?
पायाखालचे दगड : लेखांक 7

'मोडेन पण वाकणार नाही' हा बाणा माणसाने मिरवावा. दगड वाकतोही आणि मोडतोही. कधी काय करायचे ते त्याच्यावरचा दाब, अंगातली उष्णता आणि हाताशी असलेला वेळ ठरवतात.

गडचांदूरहून जिवतीला जाताना हे दोन्ही प्रकार ध्यानात ठेवा. पायथ्याला चुनखडक. इथले सिमेंट कारखाने त्याच्यावरच चालतात. वर माणिकगडच्या पठारावर काळा बेसॉल्ट. चुनखडक समुद्राच्या तळाशी साचला तो 54 कोटी वर्षांच्याही आधी, हाडांचे प्राणी जन्मले नव्हते तेव्हा. बेसॉल्टचा लाव्हा सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा. मधल्या काळात खालच्याने जे सोसले, त्याचा वरच्याला पत्ताही नाही.

रस्त्याकडेच्या ढिगातून चुनखडकाचा तळहाताएवढा तुकडा उचला. राखाडी अंगावर पांढऱ्या शिरा दिसतील. त्या भरून आलेल्या जखमा आहेत. दगड तडकला, भेगेतून पाणी झिरपले, पाण्यातला चुना तिथेच स्फटिक होऊन बसला. एखादी शीर दुसरीला कापून गेली असेल, तर कापणारी नंतरची. आणि कापलेल्या शिरेची दोन टोके समोरासमोर येत नसतील, तर दगड नुसता तडकलेला नाही, सरकलाही आहे. भूशास्त्रात हा फरक मोठा. न सरकलेली ती भेग, सरकलेला तो प्रस्तरभंग.

मग हाच दगड वाकतो कधी? 1911 साली जर्मनीत थिओडोर फॉन कारमानने कॅराराच्या संगमरवराचे दंडगोल दाबून पाहिले. नुसते वरून दाबले तर ते फुटले. चहूबाजूंनी प्रचंड दाब देऊन मग वरून दाबले, तेव्हा मात्र ते पिंपासारखे मधोमध फुगले. संगमरवर म्हणजे उष्णतेने आणि दाबाने रूप पालटलेला चुनखडकच. जमिनीखाली दर किलोमीटरला तापमान साधारण 25 ते 30 अंशांनी वाढते. त्यामुळे वरवरचा खडक ठिसूळ, आणि दहा-पंधरा किलोमीटर खालचा, लाखो वर्षे मिळाली तर, कणकेसारखा मऊपणाने वागणारा. अर्थात वाकलेला थर दिसला की तो खोलातूनच आला असे समजू नये. कधी कधी तो ओला गाळ असतानाच उतारावरून घसरून चुरगळलेला असतो. यात भलेभले फसतात.

बेसॉल्टच्या भेगांची गोष्ट वेगळी. त्याला कोणी दाबले नाही. हजार अंशांहून तापलेला लाव्हा थिजला, निवताना आकसला आणि स्वतःच फाटला. भेगा नीट पडल्या की खांब उभे राहतात. अंधेरीची गिल्बर्ट टेकडी किंवा यवतमाळ जिल्ह्यातले शिबला-पारडी हे त्याचेच नमुने. सगळीकडे इतकी सुबक नक्षी मिळत नाही, पण पाण्याचा हिशेब मात्र भेगांवरच चालतो. घट्ट बेसॉल्टच्या पोटात पाणी मुरत नाही, ते साठते फटींत आणि झिजलेल्या थरात. म्हणून एका बोअरला पाणी लागते आणि वीस पावलांवरची कोरडी जाते. पायाळू माणसाला दोष देण्याआधी एवढे ध्यानात घ्यावे.

सरकलेले तडे बघायचे तर जिवतीच्या पूर्वेला, प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्याकडे वळावे. शाळेच्या पुस्तकातली 'खचदरी' ती हीच. वायव्य-आग्नेय दिशेच्या प्रस्तरभंगांमधली जमीन खचत गेली, खाली गेलेले थर झीज होण्यापासून वाचले आणि त्यांच्याबरोबर कोळसाही. बल्लारपूर, सास्ती, घुग्घुसच्या खाणी त्या खचण्याच्या पुण्याईवर उभ्या आहेत. पण खाणीत हेच तडे वैरी होतात. चांगला चाललेला थर एकाएकी संपतो, समोर दुसराच दगड, आणि कोळसा पलीकडे काही मीटर वर किंवा खाली सरकून बसलेला. खाणीत त्याला सरळ 'फॉल्ट' म्हणतात.

हे तडे आता थंडावले म्हणावे, तर 13 एप्रिल 1969 रोजी याच खोऱ्यात, भद्राचलमजवळ, 5.7 तीव्रतेचा भूकंप झाला. 1993 च्या किल्लारीचे प्रकरण निराळे. तिथे तडा बेसॉल्टच्या पांघरुणाखाली दडलेला होता. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.

तोवर गावच्या विहिरीत डोकावून या. भेगेच्या दोन्ही बाजूंचे थर एका ओळीत आहेत का, तेवढे पाहा.