सस्कॅचेवन

कॅनडाच्या तीन प्रेअरी प्रांतांपैकी मधला प्रांत. क्षेत्रफळ सु. ६,५१,००० चौ. किमी.; लोकसंख्या ११,३२,५०५ (२०२१). याच्या पश्चिमेस अल्बर्टा, पूर्वेस मॅनिटोबा, उत्तरेस नॉर्थवेस्ट टेरिटरीज हा प्रदेश आणि दक्षिणेस अमेरिकेची माँटॅना व नॉर्थ डकोटा ही राज्ये आहेत. रिजायना ही राजधानी असून सॅस्कटून हे सर्वांत मोठे शहर आहे. प्रांताची एकही सीमा नदी वा पर्वत यांना अनुसरत नाही; ४९° व ६०° उ. अक्षवृत्ते आणि मोजणीच्या रेषा यांनीच त्या ठरविल्या आहेत. वेगवान प्रवाहाची नदी या अर्थाच्या क्री भाषेतील शब्दावरून नदीला व पुढे प्रांताला हे नाव मिळाले.

भूवर्णन : प्रांताचा उत्तर भाग कॅनडियन ढालक्षेत्रात मोडतो. प्राचीन कठीण खडक, पातळ मृदा, सूचिपर्णी अरण्ये आणि असंख्य सरोवरे ही या भागाची वैशिष्ट्ये होत. ॲथाबास्का, रेनडिअर व वॉलस्टन ही त्यांतील प्रमुख सरोवरे. दक्षिण भाग हिमनद्यांनी आणून टाकलेल्या गाळाचा, सपाट ते ऊर्मिल मैदानी प्रदेश आहे. नैर्ऋत्येकडील सायप्रस टेकड्यांत प्रांतातील सर्वोच्च ठिकाण (१,३९२ मी.) आहे. उत्तर व दक्षिण सस्कॅचेवन या नद्या रॉकी पर्वतात उगम पावतात व प्रिन्स ॲल्बर्टच्या पूर्वेस एकत्र येतात. दक्षिण सस्कॅचेवनवरील गार्डिनर धरण १९६७ मध्ये पूर्ण झाले.

हवामान : समुद्रापासून दूर असल्याने हवामान खंडांतर्गत व अतिविषम आहे. मिडेल व यलो ग्रास येथे ५ जुलै १९३७ रोजी ४५° से., तर प्रिन्स ॲल्बर्ट येथे फेब्रुवारी १८९३ मध्ये –५६.७° से. तापमान नोंदले गेले. सरासरी वार्षिक वृष्टी बहुतेक भागांत ३० ते ५० सेंमी. असून ती दरवर्षी सारखी होत नाही. कृषिप्रदेशातही पिकांना हिमतुषारविरहित असे जेमतेम साडेतीन महिने मिळतात. या दोन मर्यादांनी येथील शेतीचेच नव्हे, तर समाजजीवनाचेही स्वरूप घडविले आहे.

इतिहास : क्री, डेने, सोल्टो, नाकोडा, डकोटा इ. लोक येथील मूळ रहिवासी होत. मैदानी प्रदेशातील लोकांचे अन्न, वस्त्र व निवारा बायसनच्या कळपांवर अवलंबून होते. हडसन बे कंपनीने १७७४ मध्ये कंबरलंड हाउस हे आपले अंतर्भागातील पहिले ठाणे स्थापिले. १८७० मध्ये हा प्रदेश कॅनडाकडे आला. चौथा (१८७४) व सहावा (१८७६) या करारांन्वये मूळ रहिवाशांसाठी राखीव क्षेत्रे ठरली. याच सुमारास बायसनचे कळप नष्टप्राय होऊन त्यांच्यावर उपासमारीची पाळी आली. मूळ रहिवासी व यूरोपीय यांच्या संमिश्र मेती समाजाने आपल्या जमिनींच्या हक्कांसाठी १८८५ मध्ये केलेला उठाव बटॉश येथे मोडला गेला. त्याचा नेता लुई रिएल यास रिजायना येथे फाशी देण्यात आली.

१८७२ च्या कायद्याने दहा डॉलर शुल्कात १६० एकर (सु. ६५ हेक्टर) जमीन मिळू लागली, मात्र तीन वर्षे तेथे राहून ती लागवडीस आणण्याची अट होती. लोहमार्ग येताच युक्रेनियन, जर्मन, स्कँडिनेव्हियन, ब्रिटिश इ. वसाहतकऱ्यांचा ओघ वाढला. १ सप्टेंबर १९०५ रोजी प्रांताची स्थापना झाली. १९०१ मध्ये ९१,२७९ असलेली लोकसंख्या १९३१ मध्ये ९,२१,७८५ झाली. कॅप्टन जॉन पॅलिसर याच्या समन्वेषण पथकाने (१८५७–६०) दक्षिणेकडील कोरडा पट्टा शेतीस अयोग्य ठरविला होता. तोही नांगराखाली आला. १९३०–४० या दशकात अवर्षण, धुळीची वादळे व गव्हाचे घसरलेले भाव यांनी शेतकऱ्यांची दैना केली. अनेक कुटुंबे शेते सोडून गेली.

सहकार व आरोग्यसेवा : विरळ वस्तीत एकट्यादुकट्या शेतकऱ्यास बाजारपेठेशी झुंजणे किंवा डॉक्टर मिळविणे अशक्य होते. त्यातून १९२४ मध्ये ‘सस्कॅचेवन व्हीट पूल’ ही सहकारी संस्था निघाली व रेल्वेस्थानकांजवळ तिची उंच लाकडी धान्यकोठारे उभी राहिली. १९९६ मध्ये तिचे भाग शेअर बाजारात आले. ग्रामीण पालिका पहिल्या महायुद्धाच्या काळापासून करातून डॉक्टरांना वेतन देऊ लागल्या. टॉमी डग्लस यांच्या पक्षाचे शासन १९४४ मध्ये आले. त्याने १९४७ मध्ये सार्वत्रिक रुग्णालय विमा व १ जुलै १९६२ पासून वैद्यकीय विमा योजना सुरू केली. तिच्याविरुद्ध डॉक्टरांनी २३ दिवस संप केला. तथापि योजना टिकली आणि १९६६ च्या संघीय कायद्याने तिचे तत्त्व देशभर स्वीकारले गेले.

आर्थिक स्थिती : देशातील लागवडयोग्य जमिनीपैकी ४० टक्क्यांहून अधिक जमीन या प्रांतात आहे. गहू, कॅनोला, सातू, ओट, जवस, वाटाणा व मसूर ही प्रमुख पिके होत. ओलावा टिकविण्यासाठी शेत एक वर्ष पडीक ठेवण्याची जुनी पद्धत मृदेच्या धुपीस पोषक ठरे. विनानांगरट पेरणी व १९७० नंतर वाढलेली कडधान्यांची लागवड यांमुळे ती मागे पडली. येथील मसूर व वाटाणा भारतात मोठ्या प्रमाणावर येतो. भारताने २०१७ मध्ये त्यांवर आयातशुल्क लावताच येथील शेतकऱ्यांना झळ पोहोचली.

एस्टरहेझी येथे १९६२ पासून पोटॅश काढले जाते, जगातील सु. एकतृतीयांश उत्पादन या प्रांतात होते. उत्तरेस मॅकार्थर रिव्हर व सिगार लेक येथे युरेनियमच्या अतिसमृद्ध खाणी आहेत. दक्षिणेस खनिज तेल सापडते.

लोक व समाजजीवन : लोकसंख्येत मूळ रहिवासी व मेती सु. १७ टक्के आहेत. त्यांच्या मुलांना कुटुंबांपासून व मातृभाषेपासून तोडणाऱ्या निवासी शाळांपैकी येथील शेवटची १९९६ मध्ये बंद झाली. ‘फर्स्ट नेशन्स युनिव्हर्सिटी ऑफ कॅनडा’ ही मूळ रहिवाशांची उच्च शिक्षणसंस्था रिजायना येथे आहे. १९३६ मध्ये शेतांची संख्या सु. १,४२,००० होती, २०२१ मध्ये ती सु. ३४,००० उरली. यंत्रांमुळे शेते मोठी झाली, मात्र अनेक खेड्यांतील शाळा, दुकाने व धान्यकोठारे बंद पडली. आइस हॉकी व कर्लिंग हे हिवाळी खेळ लोकप्रिय असून लहान गावांतही त्यांची बर्फाची क्रीडांगणे सामाजिक मेळाव्याची स्थाने असतात.

महत्त्वाची स्थळे : सॅस्कटून येथे १९०७ मध्ये स्थापन झालेले विद्यापीठ असून त्याच्या पीकसंशोधन केंद्राने मसुराचे नवे वाण निर्माण केले. रिजायना येथे विधानभवन व संघीय अश्वारूढ पोलिसांचे प्रशिक्षण केंद्र आहे. प्रिन्स ॲल्बर्ट राष्ट्रीय उद्यानात अरण्य, तर ग्रासलँड्स राष्ट्रीय उद्यानात मूळच्या प्रेअरी गवताचे अवशिष्ट क्षेत्र राखलेले असून २००५ मध्ये तेथे बायसन पुन्हा आणण्यात आले.